सहाध्यायींचें बीजगणित

मुंबईची आगबोट ज्या काळीं रत्नागिरीच्या समुद्रांत नांगर टाकून उभी राही आणि उतारूंची ने-आण लहान होड्यांतून होई, त्या काळीं मांडवीच्या मुलाला उच्च गणित शिकावयाचें झाल्यास त्या होडींत पाय ठेवण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पावसाळ्यांत ही वाटहि बंद पडे. त्या वेळच्या याच जिल्ह्यांतील मुर्डी गांवीं १८७६ सालीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परंतु त्यासाठीं मुर्डी सोडून पुणें गांठावें लागलें, आणि पुणें सोडून विलायत. खुद्द रत्नागिरीस महाविद्यालय निघालें तें १९४५ सालीं. तेंच आज गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणून सर्वांस परिचित आहे.

आतां प्रवासाची दिशा उलटली आहे. गणितच मांडवीस चालून येतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., या संस्थेनें आपले अभ्यासक्रम जगाला विनामूल्य खुले करण्याचा संकल्प २००१ सालीं जाहीर केला. तेथील गिल्बर्ट स्ट्रँग या अध्यापकांचीं रेषीय बीजगणितावरील व्याख्यानें त्या योजनेमुळें लक्षावधि लोकांच्या घरीं पोंचलीं. साठ वर्षांहून अधिक काळ शिकवून हे गृहस्थ २०२३ सालीं निवृत्त झाले. पण फळ्यापुढें खडू घेऊन उभी असलेली त्यांची मूर्ति मोबाइलच्या काचेवर अद्यापि कोणासहि, केव्हांहि भेटते. भारतांतहि आय.आय.टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ पासून एन.पी.टी.ई.एल. या नांवानें असाच उपक्रम हातीं घेतला, आणि २०१७ सालीं सरकारनें ‘स्वयम्’ हें व्यासपीठ सुरू केलें. होडी नको, भाडें नको, प्रवेशाची खटपट नको.

इतकें सुलभ झाल्यावर घरोघर गणिती निपजावयास हवे होते. तसें झालें नाहीं. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१७-१८ या वर्षीं नांव नोंदविणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें तिघांनींच अभ्यासक्रम पुरा केला होता. नांव नोंदविणाऱ्यांत केवळ कुतूहलानें डोकावणारे पुष्कळ असतात हें खरें. पण त्यांना वजा केलें तरी गळती लहान नाहीं. कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. पडद्यावरील अध्यापकाला ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नाहीं. न समजलेलें वाक्य दहा वेळां मागें नेऊन ऐकलें तरी तें तेंच वाक्य असतें. व्याख्यान मांडवीस आलें, पण वर्ग आला नाहीं. बाकावरचा शेजारी आला नाहीं.

तो शेजारी पुन्हां मिळवून देण्याचा एक मार्ग म्हणजे ऑनलाइन अभ्यासमंडळ. निरनिराळ्या गांवच्या चार-सहा जणांनीं ठरल्या वेळीं मोबाइलवर किंवा संगणकावर एकत्र यावें, एकच पुस्तक वा एकच व्याख्यानमाला धरावी आणि ती मिळून शिकावी, इतकाच त्याचा थाट. रेषीय बीजगणिताला हा मार्ग विशेष मानवतो. तो कां, हें त्या विषयाच्या अंतरंगांतच पाहिलें पाहिजे.

नांव जड असलें तरी विषयाचा उगम घरच्या हिशेबांत आहे. दहावीच्या पुस्तकांत दोन चलांतील रेषीय समीकरणें असतात, निश्चयक असतो, क्रॅमरची रीत असते. तेथूनच ही वाट फुटते. समजा, मांडवीच्या एका गृहिणीनें जवळच मिरकरवाड्यास जाऊन रविवारीं बांगड्याचे तीन वाटे व कोळंबीचे दोन वाटे मिळून ७०० रुपयांस घेतले. बुधवारीं घरीं पाहुणे, म्हणून बांगड्याचे सहा वाटे व कोळंबीचे चार, १४०० रुपयांस. भाव बदलले नाहींत असें धरावें. यावरून एकेका वाट्याचा भाव निघेल काय? अज्ञात दोन, समीकरणेंहि दोन. तेव्हां निघावयास हवा, असें शाळेंतली संवय सांगते. पण निघत नाहीं. बुधवारची खरेदी म्हणजे रविवारचीच दुप्पट. दुसऱ्या साक्षीदारानें पहिल्याचीच जबानी मोठ्यानें सांगावी तसा हा प्रकार. शुक्रवारीं बांगड्याचा एक व कोळंबीचे दोन वाटे ५०० रुपयांस पडले असें कळलें, कीं मात्र गांठ सुटते: बांगडा १००, कोळंबी २००. आणि बुधवारचा आकडा १४०० ऐवजीं १५०० असता तर? मग दोन जबान्या परस्परांस खोट्या पाडतात व दोहोंस मान्य होईल असा भावच उरत नाहीं. उत्तर एकच आहे, मुळींच नाहीं, कीं अगणित आहेत, याचा निर्णय करणें, मग समीकरणें दोन असोत वा दोन लक्ष, हा या शास्त्राचा पहिला अध्याय. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकांतील ‘बीजगणित’ ग्रंथांत पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशीं रंगांवरून नांवें दिलेलीं आहेत, आणि त्या प्रकरणालाच अनेकवर्णसमीकरण म्हटलें आहे. तेव्हां विषयाचें हें मूळ या भूमीला अनोळखी नाहीं.

स्ट्रँग यांच्या पहिल्याच व्याख्यानांत एक कलाटणी येते, आणि सोबत्याची गरज तेथेंच भासूं लागते. रविवार व शुक्रवार यांच्या समीकरणांकडे दोन प्रकारें पाहतां येतें. एक, आडव्या ओळींनीं: प्रत्येक समीकरण म्हणजे कागदावरील एक सरळ रेषा, आणि दोन रेषा जेथें छेदतात तें उत्तर. दुसरा, उभ्या स्तंभांनीं: बांगड्याचा स्तंभ तीन-एक, कोळंबीचा स्तंभ दोन-दोन, पहिला किती पट व दुसरा किती पट घेऊन मिळविले असतां सातशें-पांचशें हा स्तंभ तयार होतो, असा प्रश्न. आकडे तेच, उत्तर तेंच. परंतु या दुसऱ्या दृष्टीनें पाहणाऱ्याला स्तंभ हे आकड्यांचे ढीग न दिसतां बाणांसारखे दिसूं लागतात. मांडवीच्या दक्षिणेस भाट्याच्या खाडीच्या मुखाशीं नाव एका दिशेस वल्हवावी आणि ओहोटीनें तिला दुसऱ्या दिशेस ओढावें, म्हणजे ती प्रत्यक्षांत तिसऱ्याच दिशेस जाते. दोन बाणांची बेरीज ती हीच. मराठी परिभाषेंत अशा बाणाला सदिश म्हणतात. दोन सदिश निरनिराळ्या दिशांचे असले तर त्यांच्या पटी व बेरजा करून पाण्याच्या पृष्ठावरील कोणतेंहि ठिकाण गांठतां येतें. ते एकाच रेषेंत असले तर नाव जन्मभर त्या रेषेवरच फिरेल. रविवार व बुधवार यांच्या खरेदींत नेमकें हेंच घडलें होतें: बांगड्याचा स्तंभ तीन-सहा, कोळंबीचा दोन-चार, दोन्ही एकाच दिशेचे. सातशें-चौदाशें हें ठिकाण त्या रेषेवर होतें, म्हणून उत्तरें अगणित. सातशें-पंधराशें रेषेबाहेर, म्हणून उत्तर नाहीं.

आतां एका मंडळाची कल्पना करावी. मांडवीस राहणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांतील एक विद्यार्थिनी. चिपळूणचे एक निवृत्त शिक्षक. पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरी करणारा एक तरुण. आणि कुडाळच्या एक काकू, ज्यांचें गणित लग्नानंतर सुटलें तें वीस वर्षांनीं पुन्हां हातीं आलें. शिक्षकांना आडव्या ओळी चटकन् दिसतात, कारण त्यांनीं हयातभर फळ्यावर रेषाच काढल्या. तरुणाला आकड्यांचे तक्ते संगणकाकडून सोडवून घेण्याची संवय. उत्तर आलें कीं त्याच्यापुरता प्रश्न संपतो. विद्यार्थिनीला व्याख्या मुखोद्गत आहेत. रेषीय अवलंबन म्हणजे काय, असें विचारतांच ती पुस्तकांतील वाक्य अक्षरही न चुकतां म्हणून दाखविते. मग काकू विचारतात, “अगं, पण बुधवारची चिठ्ठी फाडून टाकली, तर आपलें कांहीं बिघडेल का?” ती क्षणभर थांबते, आणि म्हणते, “नाहीं काकू, कांहींच बिघडणार नाहीं.” ज्या चिठ्ठीवांचून माहितींत कांहींहि उणें पडत नाहीं ती इतरांवर अवलंबून आहे, हा त्या लांबलचक व्याख्येचा गाभा तिच्याच तोंडून बाहेर पडलेला असतो. येथें कोणी कोणास शिकविलें हें सांगणें कठीण आहे. व्याख्या जिला ठाऊक होती तिला अर्थ मिळाला. अर्थ जिला ठाऊक होता तिला त्याचें शास्त्रीय नांव मिळालें.

असें होण्याचें कारण या विषयाच्या घडणींत आहे. यांतील हातचा हिशेब सोपा; बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. अवघड असतात त्या कल्पना. म्हणूनच परीक्षेंत उत्तम गुण मिळवूनहि विषयाला स्पर्श न झालेले विद्यार्थी येथें जितके सांपडतात तितके क्वचितच इतरत्र सांपडतील. आकड्यांच्या चौकटबंद तक्त्याला मॅट्रिक्स किंवा आव्यूह म्हणतात. दोन आव्यूहांचा गुणाकार आडव्या ओळींशीं उभे स्तंभ जोडून करावा लागतो, हें नियमानें पाठ करतां येतें. पण असा विचित्र नियम कां, हा प्रश्न एकटा बसलेला विद्यार्थी सहसा विचारीत नाहीं. कोणी तरी विचारतो, तेव्हां शोध सुरू होतो. आव्यूह ही एक क्रिया आहे. तो बाणाला फिरवितो, ताणतो, सपाट करतो. गुणाकार म्हणजे एका क्रियेमागून दुसरी क्रिया. आधीं पायमोजे मग बूट, आणि आधीं बूट मग पायमोजे, यांचा परिणाम एक नसतो; त्याचप्रमाणें आव्यूहांचा क्रम बदलला कीं गुणाकार बहुधा बदलतो. हें एकदां उमगलें म्हणजे तो नियम पाठ करण्याची गरजच राहत नाहीं, आणि उमगण्यासाठीं तें कोणाला तरी समजावून सांगण्याची पाळी यावी लागते.

या विषयाच्या इतिहासांतहि एकाकीपणाची किंमत एका माणसानें पुरेपूर मोजली आहे. सदिशांच्या अवकाशाची कल्पना प्रथम विस्तारानें मांडली ती हेर्मान ग्रासमान या जर्मन शाळामास्तरानें. तो १८०९ सालीं श्टेटीन येथें जन्मला. ओडर नदीवरील हें बंदर आज पोलंडमध्यें आहे. विद्यापीठांतील अध्यापकाची जागा त्याला कधींच मिळाली नाहीं. १८४४ सालीं त्यानें आपला ग्रंथ छापला. भाषा तत्त्वज्ञानाची, मांडणी अपरिचित, आणि वाचून शंका विचारील असें जवळपास कोणी नाहीं. मोबियससारख्या नामांकित गणितज्ञानें परीक्षण लिहिण्यास नकार दिला. पुस्तक खपेना, उरलेल्या प्रती अखेर रद्दींत गेल्या. १८६२ सालीं त्यानें तोच विषय पुन्हां नव्यानें लिहिला, तरी उपेक्षा फारशी हटली नाहीं. मग त्यानें आपलें बळ संस्कृतकडे वळविलें आणि १८७३ ते १८७५ या काळांत ऋग्वेदाचा असा कोश प्रसिद्ध केला कीं वेदाभ्यासक आजहि तो हाताशीं ठेवतात. वैदिक पंडितांच्या परिचयाचा ग्रासमान आणि गणितज्ञांच्या परिचयाचा ग्रासमान हे दोन नसून एकच गृहस्थ होत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. १८७७ सालीं तो वारला; इटलीच्या पेआनोनें त्याच्याच ग्रंथाच्या आधारें सदिश अवकाशाची नेटकी व्याख्या दिली ती १८८८ सालीं. शंका विचारणारे चार वाचक ग्रासमानला वेळींच भेटते, तर तो ग्रंथ बहुधा सुबोध झाला असता आणि बीजगणिताचीं चाळीस वर्षें वांचलीं असतीं.

त्याच सुमारास लंडनमध्यें केली व सिल्व्हेस्टर या दोन मित्रांचें काय चाललें होतें तें याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. दोघेहि पोटासाठीं गणिताबाहेरच्या धंद्यांत होते, आणि दोघांनाहि गणिताचें वेड. वकिलांच्या वस्तींत फिरतां फिरतां त्यांचीं गणितावरचीं बोलणीं चालत. मॅट्रिक्स हा शब्द सिल्व्हेस्टरनें १८५० सालीं योजिला. आव्यूहांचें रीतसर बीजगणित केलीनें १८५८ सालीं लिहिलें. एकानें नांव दिलें, दुसऱ्यानें शास्त्र.

विद्यार्थ्यांच्या बाबतींत हीच गोष्ट तपासून पाहणारा एक संशोधक कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत होता. १९७० नंतरच्या दशकांत यूरी ट्रीझमन यानें कॅल्क्युलसच्या वर्गांतील कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम जवळून पाहिला. नापास होणाऱ्यांत बुद्धि कमी, तयारी कमी, घरचें प्रोत्साहन कमी, अशीं अनुमानें लोक करीत. पाहणींत तीं टिकलीं नाहींत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट करीत, पण खोलीचें दार लावून एकटे. चिनी विद्यार्थी आधीं एकटे अभ्यास करीत आणि नंतर एकत्र जमून उत्तरें पडताळून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. ट्रीझमननें मग अशा मंडळींना एकत्र बसवून मुद्दाम अवघड उदाहरणें दिलीं, सोपीं नव्हेत, आणि निकाल पालटला. भारतांत प्रा. एस. कुमरेसन यांनीं १९९३ सालीं सुरू केलेल्या गणिताच्या उन्हाळी वर्गांतहि सांगणें कमी व विचारणें फार, अशीच रीत ठेविली गेली.

महाराष्ट्राला तर ही कल्पना आठशें वर्षांची जुनी आहे. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे, काळ इ. स. १२०७. लेखाचा आरंभ संस्कृत आहे, आणि मठाच्या उत्पन्नाचा भाग त्या काळच्या मराठींत कोरला आहे. पाटणच्या पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा कर या मठाला लावून दिला होता. गणित शिकणाऱ्यांनीं एकत्र बसावें यासाठीं बाजाराच्या करांतला वाटा लावून द्यावा असें ज्यांना वाटलें, त्यांना सहाध्यायाचें मोल नक्कीच कळलेलें होतें.

ऑनलाइन मंडळाला मात्र मठाची भिंत नसते, आणि त्यामुळें तें मोडावयास वेळ लागत नाहीं. वीज जाते, जाळें तुटतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें तेव्हां दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस दोन्ही नव्हतीं, आणि त्याच महिन्यांत महाविद्यालयांचे दरवाजे साथीमुळें बंद होते. ज्या घरांत एकच मोबाइल आहे तेथें तो बहुधा आधीं मुलाच्या हातीं जातो व मग मुलीच्या; मंडळाची वेळ ठरवितांना हें ध्यानांत न घेतल्यास पहिली गळणारी व्यक्ति ती मुलगीच असते. गणित मोबाइलवर टंकून लिहिणेंहि दुष्कर. यावर जुना उपायच बरा: वहींत लिहावें आणि पानाचें छायाचित्र पाठवावें. खाडाखोड पुसूं नये; सोबत्याला उत्तरापेक्षां ती खाडाखोडच अधिक शिकविते.

याहून मोठा धोका माणसांचा. प्रत्येक मंडळांत एक शहाणा असतो, जो प्रश्न संपण्यापूर्वीं उत्तर देतो. त्याच्या भोवतीं बाकीचे हळूहळू श्रोते होतात, आणि मंडळाचें पुन्हां व्याख्यान बनतें. ज्याला सर्वांत कमी समजलें आहे त्यानेंच आरंभ करावा, असा नियम असलेला बरा. शहाण्यानें बोलावयाचें तें शेवटीं, आणि तेंहि कोणी विचारल्यास. संख्येचाहि विचार हवा. चार-पांच जणांत कोणी गप्प राहिलें तर तें जाणवतें. चाळिसांत जाणवत नाहीं. अलीकडे आणखी एक शहाणा आला आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें कोणतेंहि उदाहरण विचारतांच सोडवून देतात. गंमत अशी कीं, त्या यंत्रांच्या पोटांत अहोरात्र जें चाललेलें असतें तें बव्हंशीं आव्यूहांचे गुणाकारच. त्यांची मदत घेण्यास हरकत नाहीं, पण उदाहरणाशीं झटून झाल्यावर; आधीं नव्हे.

भाषेविषयीं दोन शब्द. व्याख्यानें इंग्रजींत, पुस्तकें इंग्रजींत, परीक्षाहि बहुधा इंग्रजींत. तरी मंडळाचें बोलणें मराठींत चालावें. आव्यूह म्हणावें कीं मॅट्रिक्स, हा वाद घालण्यांत संध्याकाळ घालवूं नये. जो शब्द जिभेवर येईल तो घ्यावा. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न मात्र ज्या भाषेंत सहज सुचतो त्याच भाषेंत विचारला गेला पाहिजे. इंग्रजींत तो पुष्कळदां संकोचानें गिळला जातो.

ज्या घरांत हें भाषण ऐकून कोणास चार जण जमविण्याची इच्छा होईल, त्यांच्या पहिल्या बैठकीसाठीं एक उदाहरण येथें देतां येईल. बाजार तोच, जिन्नस आतां तीन. पहिल्या चिठ्ठींत बांगड्याचा एक, कोळंबीचे दोन आणि सुरमईचा एक वाटा, मिळून ९०० रुपये. दुसरींत बांगड्याचे दोन, कोळंबीचा एक, सुरमईचा एक, मिळून ८०० रुपये. तिसरींत बांगड्याचे चार, कोळंबीचे पांच, सुरमईचे तीन, मिळून २६०० रुपये. भाव तिन्ही दिवस सारखे. अज्ञात तीन, चिठ्ठ्याहि तीन. सुरमईचा भाव काढून दाखवावा. निघत नसेल तर कां निघत नाहीं तें सांगावें, आणि तरीहि या चिठ्ठ्यांवरून खात्रीनें सांगतां येण्याजोगें काय उरतें तें एकमेकांस विचारून ठरवावें.